मोजता येतील असे ठोके

आमच्या घरात राग आला की कोणी ओरडत नाही. बोलणं बंद करतात. हे अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या घराण्यातून आलेलं आहे. निपाणीकडच्या त्यांच्या दोन काकांनी एकाच विहिरीचं पाणी पीत अकरा वर्षं एकमेकांशी शब्द काढला नव्हता, असं आई सांगायची. अप्पा नोकरीसाठी बंगळूरला आले, बनशंकरीत घर बांधलं, शेजाऱ्यांशी कन्नड बोलायला लागले, सकाळच्या पोह्यांऐवजी इडली खायला लागले. अबोला तेवढा गावाकडचा अस्सल ठेवला. आई होती तोवर अबोल्यातही घर चालायचं, कारण दोन्ही बाजूंचे निरोप तीच पोचवायची. "तुझ्या लेकीला सांग, किल्ली शिलाई मशीनवर आहे." लेक म्हणजे मी, दोन हातांच्या अंतरावर उभी. आई गेली आणि निरोप पोचवायला कोणी उरलं नाही. मग अप्पा आणि मी चिठ्ठ्या लिहायला लागलो, फ्रिजच्या दारावर, चुंबकाखाली. 'दूध आणले आहे.' 'गॅस संपत आला.' 'उशीर होईल.'

गेल्या दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत आमच्यात असाच अबोला होता. तो का होता, हे मला पक्कं ठाऊक आहे असं मी तीन महिने धरून चालले.

कारण होतं अप्पांची मोटारसायकल. माझ्या जन्माच्या थोडी आधी घेतलेली, कार्बोरेटरवाली, काळ्या टाकीची. अप्पा कारखान्यात फिटर होते आणि घरी आले तरी फिटरच असत. गाडीला त्यांनी सहसा दुसऱ्याचा हात लागू दिला नाही. विशेषतः आयडलिंगला. ॲक्सिलरेटर सोडून गाडी नुसती उभी असताना इंजिन किती हळू आणि किती सारखं चालतं, यावर ते गाडीची आणि गाडीवाल्याचीही किंमत करत. सिग्नलला शेजारी कोणी घूं घूं करत उभा राहिला की ते मान वळवून त्याच्याकडे अशा नजरेने बघत, की मागे बसलेल्या मलाच मेल्याहून मेल्यासारखं होई. "उभ्या गाडीला कशाला पळवायची?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आणि दुसरं, "ठोके मोजता आले पाहिजेत."

ते खरंच मोजायचे. रविवारी सकाळी आधी बसवनगुडीपर्यंत एक फेरी मारायची, कारण इंजिन गरम झाल्याशिवाय स्क्रूला हात लावायचा नाही. मग गाडी मधल्या स्टँडवर लावायची आणि कार्बोरेटरचा पितळी स्क्रू पाव पाव फेऱ्याने खाली घ्यायचा. फिरवून झाला की स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात देऊन अप्पा उभे राहत, मान जराशी डावीकडे कलती करून, आणि उजव्या हाताच्या बोटाने मांडीवर ताल धरत. ठक, ठक, ठक. मी त्यांचं घड्याळ धरून 'झालं' म्हणायची. मला ते देवपूजेपेक्षा मोठं काम वाटायचं. आमच्यात जे काही प्रेम होतं ते त्या स्क्रूच्या आसपास होतं, दुसरीकडे कुठे बोलून दाखवायची आम्हाला सवय नव्हती.

दसऱ्याच्या महिनाभर आधी अप्पा गुडघा खरचटून घरी आले. "सिग्नलला गाडी बंद पडली. मागून रिक्षा घासली," एवढंच म्हणाले, आणि हळद लावून पेपर वाचायला बसले. वय एक्क्याऐंशी. मला भीती वाटली. पण भीती आमच्याकडे तोंडावाटे रागच होऊन बाहेर येते. खंडेनवमीला गाडी धुऊन झाली होती, हँडलला झेंडूची माळ, टाकीवर कुंकवाची बोटं, चाकाखाली लिंबू. अप्पा पाठमोरे बसून चेनला तेल लावत होते. जिन्यातूनच मी म्हणाले, "अप्पा, आता ही विकून टाका. किती दिवस जिवाशी खेळायचं?"

अप्पांनी मान वर केली नाही. तेल लावत राहिले.

पूजेच्या दिवशी, माळ ताजी असताना मी हे बोलले. शब्द तोंडातून गेले आणि लगेच चूक कळली, पण परत घ्यायचे कसे ते आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं. संध्याकाळी मी हाक मारली, त्यांनी ओ दिली नाही. दुसऱ्या दिवशी चहाचं विचारलं, नुसतं 'हं' आलं. मी ओळखलं, अबोला सुरू झाला. मीही काही कमी नाही, त्यांचीच मुलगी आहे. मीही तोंडाला कुलूप लावलं.

पंधरा दिवस गेले. अप्पांनी बसवनगुडीचं शनिवारचं भजनही सोडलं. तिथल्या मराठी मंडळींबरोबर ते वीस वर्षं टाळ वाजवत होते. फ्रिजवर मी लिहिलं, 'भजनाला का जात नाही?' खाली उत्तर आलं, 'मजा राहिली नाही.' ती चिठ्ठी वाचून मला रडू आलं. माझ्या एका वाक्याने म्हाताऱ्या माणसाचं सगळंच गेलं, असं वाटलं. मी मनाशी ठरवलं, माफी मागणं तर आपल्याला जमणार नाही, गाडी दुरुस्त करू. आयडलिंग त्यांना हवी तशी लावून दिली की अबोला सुटेल. दुसरा रस्ता मला माहीत नव्हता.

दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसणाऱ्या बाईला कार्बोरेटर उघडता येतो यावर ऑफिसात कोणाचा विश्वास बसला नाही. मी उघडला. पेट्रोलचा कॉक बंद केला, खालची वाटी सोडली. वाटीच्या तळाला पांढुरका चिकट गाळ होता, हल्लीचं पेट्रोल बरेच दिवस पडून राहिलं की होतो तसा. गाडी हळू चालताना ज्यातून पेट्रोल येतं ते बारीक जेट काढून खिडकीच्या उजेडात धरलं. भोक दिसेना. वायरमधली तांब्याची एक तार काढून ते मोकळं केलं, धुतलं, फुंकलं, पुन्हा उजेडात धरलं, तेव्हा पलीकडचं आभाळ टाचणीच्या टोकाएवढं दिसलं. सगळं परत बसवून बसवनगुडीपर्यंत फेरी मारली, इंजिन गरम झाल्यावर पाव पाव फेऱ्याने स्क्रू लावला. दहा मिनिटं गाडी तशीच ठेवली. बंद पडली नाही. ठोके मोजता येत होते.

अप्पा गॅलरीतून बघत होते. खाली आले नाहीत. मी फ्रिजवर लिहिलं, 'गाडी ठीक झाली आहे. बघा.' उत्तर, 'बरे.'

तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना मी गाडी चालू करून पाहिली, तर ती किंचाळायला लागली. ॲक्सिलरेटरला हात नाही आणि इंजिन नुसतं धावतंय. म्हटलं, माझंच काहीतरी चुकलं असेल. केबल अडकत असेल तर हँडल वळवल्यावर आवाज बदलतो, म्हणून हँडल दोन्हीकडे वळवून पाहिलं. बदलला नाही. कार्बोरेटर आणि इंजिनच्या मधल्या रबराला चीर गेली की तिथून हवा ओढली जाते आणि गाडी अशी धावते. रबराला साबणाचा फेस लावून पाहिला. काही नाही. तरी संशय नको म्हणून चिकपेटला मेट्रोने गेले, मागच्या गल्लीतल्या दुकानात उभं राहून नवं रबर आणलं, बसवलं. स्क्रू पुन्हा खाली घेतला. ठोके पुन्हा मोजता येऊ लागले. दोन दिवसांनी पुन्हा किंचाळणं.

संक्रांत जवळ येईपर्यंत असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी मी गाडी बसवनगुडीच्या मेकॅनिककडे नेली. हा म्हातारा अप्पांना तरुणपणापासून ओळखतो. गाडीला हात लावायची परवानगी बंगळुरात एकट्या त्यालाच, तीही क्वचित. मी गेल्या गेल्या त्याच्यावरच तोंड सोडलं, की तुम्ही लोक दुकानदारांना कसली रबरं विकायला लावता. त्याने ऐकून घेतलं. मग बॅटरी पेटवून मला खाली वाकायला लावलं.

"इल्लि नोडि, अक्का." इथे बघा म्हणत त्याने बोट स्क्रूच्या डोक्यावर ठेवलं. पितळेवर ताजे चकचकीत ओरखडे होते. माझा स्क्रूड्रायव्हर रुंद होता, हे ओरखडे अरुंद पात्याचे होते. मोडक्या हिंदीत तो म्हणाला, "गाडी में कुछ नहीं. कोई रोज घुमाता है."

अरुंद पात्याचा, लाकडी मुठीचा स्क्रूड्रायव्हर आमच्या घरात एकाच माणसाकडे आहे.

परत येताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. ज्या माणसाने आयुष्यभर 'उभ्या गाडीला कशाला पळवायची' म्हणून जगाला नावं ठेवली, तो मुद्दाम स्क्रू वर चढवून ठेवतोय. कशासाठी? मी लावला म्हणून. माझं काम त्यांना चालणार नाही, माझी माफी त्यांना नको आहे. अबोला धरणारे लोक मी पाहिले होते, मी स्वतः त्यांतलीच. पण गाडीवर सूड काढणारा पाहिला नव्हता.

रविवारी सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून मी त्यांना पकडलं. गाडी चालू होती, अप्पा उकिडवे बसून स्क्रू फिरवत होते, आणि आवाज वर वर चढत होता. शेजारच्या अक्का दळण घेऊन चालल्या होत्या, त्यांनी कानावर हात ठेवला. मी गॅस बंद केला आणि तशीच खाली गेले. तीन महिन्यांत प्रथमच त्यांच्या इतकी जवळ जाऊन उभी राहिले. त्यांच्या हातातून स्क्रूड्रायव्हर घेतला. घेतला कसला, ओढला.

अप्पा दचकले. मग उठून उभे राहिले, जुन्या जागी, गाडीपासून दोन हात लांब. मान डावीकडे कलती. बोट मांडीवर.

मी स्क्रू खाली घ्यायला लागले. रागात होते, पाव फेऱ्याचं भान कुठलं! आवाज उतरला, ठोके सुटे झाले, अजून सुटे झाले. इंजिनने दोन गचके खाल्ले आणि बंद पडलं. समोरच्या घरातल्या कुकरची शिट्टी तेवढी ऐकू आली.

आता अप्पा म्हणणार, 'एवढं कशाला घ्यायचं खाली?' मी वर पाहिलं.

अप्पांची मान कलतीच होती. डोळे बारीक केलेले. बोट मांडीवर पडत होतं. ठक, ठक, ठक. अगदी सारखं, अगदी सावकाश.

"हां," ते म्हणाले. "आता बरोबर लागली. आता हात लावू नको."

मी त्या बोटाकडे बघत राहिले. ते थांबलं नाही. नसलेले ठोके ते मोजत होतं, आणि एकही चुकवत नव्हतं.

"अप्पा," मी म्हणाले. ते गाडीकडे बघत होते. "अप्पा, गाडी बंद आहे." काही नाही. मला उभं राहवेना. पुढे जाऊन त्यांचा हात धरला, तोच मोजणारा हात, आणि टाकीवर ठेवला.

त्यांना कळायला क्षणभर लागला. तळहात टाकीवर तसाच राहिला. मग त्यांनी तो उचलला, खिशातलं फडकं काढलं आणि टाकीवरचे बोटांचे ठसे पुसायला लागले. पुसून झाले तरी पुसत होते. माझ्याकडे बघत नव्हते.

मी त्यांच्या समोर गेले. तोंडासमोर तोंड आणून मोठ्याने, एकेक शब्द सोडवत विचारलं, "कधीपासून?"

ते माझ्या ओठांकडे बघत होते. ही सवय मला एव्हाना दिसायला हवी होती.

"गणपतीच्या आधीपासून," ते म्हणाले. "आधी डावा कान गेला. मग हा पण." फडकं खिशात ठेवत म्हणाले, "त्या दिवशी सिग्नलला गाडी बंद पडली ते मला कळलंच नाही. मी आपला ॲक्सिलरेटर देतोय. मागचे हॉर्न देत असतील. म्हणून मग स्क्रू वर घेतला. एवढं वर घेतलं की थोडं कळतं, आहे म्हणून. चालू आहे म्हणून."

भजन का सोडलं, ते मला तेव्हा कळलं. टाळ चुकत असणार. वीस वर्षं बरोबर वाजवणाऱ्याला कोणीतरी नुसतं वळून पाहिलं असणार, आणि अप्पांना तेवढं पुरे. चिठ्ठ्यांचंही कळलं. चिठ्ठीला कान लागत नाहीत.

"मला सांगायचं नाही?" मी ओरडले. ओरडणं आता रागाचं नव्हतं, पण आवाज तोच.

"तू बोलत कुठे होतीस?" अप्पा म्हणाले. "दसऱ्यापासून तू तोंड मिटून. मला वाटलं, कंटाळलीस. म्हाताऱ्याचं करून करून माणूस कंटाळतं. मी काय म्हणणार?"

"मी गाडी विका म्हणाले म्हणून तुम्हीच अबोला धरलात ना?"

अप्पांनी भुवया वर केल्या. त्या चेहऱ्यात खोटं काही नव्हतं, तो मी चाळीस वर्षं बघतेय.

"विका म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "कधी?"

मी गाडीच्या सीटवर हात ठेवून खाली बसले. तीन महिने. एका घरात, एका स्वयंपाकघरात जेवून, मी एका माणसावर रागावलेली होते जो माझ्यावर रागावलेलाच नव्हता. तो हाक ऐकू येण्याची वाट बघत होता. आणि मी हाक मारणंच सोडलं होतं, कारण आमच्या घरात ओ आली नाही की तिचा एकच अर्थ असतो. दुसरा अर्थ असू शकतो हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. मला माझी लाज वाटली. अजून वाटते.

अप्पा माझ्या डोक्यावर हात ठेवतील असं क्षणभर वाटलं. त्यांनी स्क्रूड्रायव्हर उचलून माझ्यापुढे धरला. "गार पडेल इंजिन," म्हणाले.

मी किक मारली. त्यांचा तळहात पुन्हा टाकीवर ठेवला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसले. या वेळी पाव पाव फेऱ्याने. त्यांनी डोळे मिटले होते. "खाली," ते म्हणाले. "अजून थोडं. अजून. नको, स्वल्प वर." मी स्वल्प वर घेतला. "बस्स." घड्याळ माझ्या मनगटावर होतं, मी मोजून पाहिलं. लहानपणी रविवारी यायचे तेवढेच ठोके आले. कानाने जे गेलं होतं ते तळहाताला सगळं पाठ होतं.

मग अप्पांनी इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि माझ्या हातात दिली. मी मागितली नव्हती. मागायची कशी, याच विचारात होते. "विकायची नाही," ते म्हणाले. "तू चालव. मी मागे बसेन."

सोमवारी मी रजा काढली आणि त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन निघाले. लहानपणी मी जिथे बसायचे तिथे ते बसले, मी पुढे. बनशंकरीच्या सिग्नलला लाल लागला. पायाखाली इंजिन हळू, सुटं सुटं चालत होतं, आणि माझ्या खांद्यावर त्यांचं बोट पडत होतं. ठक, ठक, ठक. सीटमधून त्यांना ते कळत होतं, आणि खरे ठोके होते.

"अप्पा, चुकले मी," मी पुढे बघत म्हणाले. हेल्मेटच्या आत म्हणाले. मागून काही उत्तर आलं नाही, यायचं कारणही नव्हतं. मनात आलं, झालं, म्हटलं तर म्हटलं, सुटले. मग स्वतःचीच चीड आली. तीन महिने याच पद्धतीने तर गेले होते.

मी हेल्मेट काढलं. पूर्ण मागे वळले, त्यांच्या तोंडासमोर तोंड आणलं आणि ओठ नीट दिसतील असं पुन्हा म्हणाले, "अप्पा, चुकले मी."

त्यांनी ते वाचलं. खांद्यावरचं बोट थांबलं आणि सगळा हात तिथे टेकला. मागे हॉर्न सुरू झाले होते. ते मलाच ऐकू येत होते.

"कळलं," अप्पा म्हणाले. "पुढे बघ. सिग्नल सुटला."